अकरा फ्रेमा आणि एक कापलेली पट्टी: जुन्या खगोलचित्रांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बाई पुण्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या. नाव, पेठ, शाळा सगळं इथे वगळलं आहे. त्यांचे सासरे इंजिनिअर होते. १९६०च्या दशकात कंपनीने त्यांना प्रशिक्षणासाठी हॅम्बुर्गला पाठवलं होतं, आणि येताना ते तिथल्या जुन्या बाजारातून आकाशाच्या चित्रांचा एक गठ्ठा घेऊन आले. पुढे पुण्यातच त्यांच्या फ्रेमा करून घेतल्या. नऊ दिवाणखान्यात लागल्या, दोन न्हाणीघराशेजारच्या बोळात.

सासरे गेले, घर पुनर्विकासाला गेलं, सामानाची वाटणी सुरू झाली. फ्रेमा कुणालाच नको होत्या. मात्र एका सजावटवाल्याने येऊन "अँटिक आहेत, अकराचे मिळून चाळीस हजार देतो" असं म्हटल्यावर त्या सगळ्यांनाच हव्याशा झाल्या. अमेरिकेतल्या दिरांना तीन चित्रं आठवण म्हणून न्यायची होती. बाईंना सगळी चित्रं आपल्या शाळेला द्यायची होती. मी हौशी आकाशनिरीक्षक, जुने नकाशे आणि छापील कागद जमवणारा, म्हणून मला बोलावणं आलं. मागणी साधी होती: "ही किती जुनी आहेत, आणि यांचं काय करावं, एवढं सांगा."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं दिलं. बरंचसं प्रकरण त्या चुकीचंच आहे.

अडचण

घरात ठाम समज होता की अकराही चित्रं सासऱ्यांनीच आणलेली, सगळी एकाच पुस्तकातली, आणि "दोनशे वर्षांपूर्वीची". फ्रेमा एकसारख्या असल्यामुळे तसं वाटणं स्वाभाविक होतं. काच काढल्यावर मात्र चार वेगवेगळ्या जातींचे कागद हातात आले.

पाच चित्रं रंगीत शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेली, होती. त्यांत ध्रुवीय प्रकाश होता, चंद्राचा नकाशा होता, उत्तरेचं तारांगण होतं. दहापट भिंगातून पाहिलं की रंगाचे ठिपके वेडेवाकडे पसरलेले दिसतात, प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, आणि कडेला एखादा रंग केसभर सरकलेला. मळवलीच्या रविवर्मा प्रेसमधली लक्ष्मी-सरस्वतीची जुनी चित्रं ज्यांनी भिंगातून पाहिली असतील त्यांना हे ठिपके ओळखीचे वाटतील. तंत्र तेच.

तीन चित्रं पोलादी प्लेटवर कोरलेली होती. एकेका पानावर डझनावारी लहान आकृत्या: ग्रहणाची भूमिती, शनीची कडी, चंद्राच्या कला. सगळ्यांना नुसते क्रमांक, खाली एका शब्दाचं स्पष्टीकरण नाही. बोट अलगद फिरवलं की शाईची रेघ कागदावर उठलेली जाणवते.

एक इंग्रजी चित्र होतं. ते सूर्यमालेचं, हाताने रंगवलेलं. आणि उरलेली दोन जरा जास्तच सुंदर होती.

त्या दोनांचा निकाल पाच मिनिटांत लागला. त्यातल्या एकावर २९ जुलै १८७८ चं खग्रास सूर्यग्रहण होतं, वायोमिंगमधल्या क्रेस्टनहून पाहिलेलं. हे एत्येन लेओपोल्ड त्रुवेलो या फ्रेंच चित्रकाराचं काम. अमेरिकेत वेधशाळांच्या दुर्बिणींतून पाहून त्याने चित्रं काढली, आणि त्यातल्या पंधरा चित्रांचा संच १८८१-८२ मध्ये क्रोमोलिथोग्राफ, म्हणजे रंगीत शिळाछाप, म्हणून निघाला. पण हा कागद भिंगाखाली धरल्यावर चार रंगांच्या ठिपक्यांची सुबक, यांत्रिक फुलं दिसली, म्हणजे अलीकडची ऑफसेट छपाई. अतिनील टॉर्च मारल्यावर कागद धुण्याच्या पावडरीने धुतलेल्या शर्टासारखा निळसर चमकला. कागदाला अशी चमक आणणारी रसायनं विसाव्या शतकाच्या मध्यानंतरची. (उलट मात्र खरं नाही. चमकला नाही म्हणजे जुना, असं होत नाही.) बाईंच्या मुलाला मग आठवलं की बोळातल्या दोन फ्रेमांच्या काचा फुटल्या होत्या आणि आतली चित्रं ओलीने गेली होती, तेव्हा त्यानेच दहाएक वर्षांपूर्वी इंटरनेटवरून मागवलेली पोस्टरं त्या फ्रेमांत घातली होती. घरातलं कुणीच ते लक्षात ठेवलं नव्हतं, तोही नाही.

खरी अडचण इंग्रजी चित्राची होती.

हर्षलचा पुरावा आणि माझी घाई

चित्र सूर्यमालेचं. मध्ये पिवळा सूर्य, भोवती गुलाबी कक्षा. वरच्या कोपऱ्यात "ॲस्ट्रॉनॉमी" आणि प्लेटचा क्रमांक, म्हणजे कुठल्या तरी विश्वकोशाचं पान. तळाशी प्रकाशकाची ओळ असायला हवी, तिथे फक्त "लंडन" उरलं होतं. बाकीची ओळ माउंटबोर्डच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या, मापाला पान बसावं म्हणून फ्रेमवाल्याने कापून टाकली होती.

बाईंनी चष्मा वर केला, कडेच्या ग्रहाचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, "अहो, हा तर आपला हर्षल!"

पंचांगात आणि राशिभविष्याच्या रकान्यात आजही युरेनसला आपण हर्षल म्हणतो. हा ग्रह १७८१ मध्ये विल्यम हर्शेलने शोधला. त्याने राजाच्या नावावरून त्याला 'जॉर्जियम सायडस' म्हटलं, इंग्लंडबाहेर ते कुणाला रुचलं नाही, आणि बराच काळ शोधणाऱ्याचंच नाव ग्रहाला चिकटून राहिलं. ब्रिटिश नॉटिकल अल्मनॅकने, म्हणजे नाविकांसाठीच्या सरकारी पंचांगाने, 'युरेनस' हे नाव १८५० मध्ये स्वीकारलं. इंग्रजांनी सोडलेलं नाव आपल्या ज्योतिषांनी आजतागायत सांभाळलं आहे.

चित्रात हर्षल सगळ्यांत शेवटी होता. नेपच्यून नाही. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये सेरेस, पॅलस, जूनो आणि व्हेस्टा हे चार 'ग्रह'. गुरूला चार चंद्र, शनीला सात, हर्षलला सहा. अशा चित्राचं आकाश कुठल्या काळातलं हे ठरवणं सोपं असतं. व्हेस्टा १८०७ मध्ये सापडला, म्हणून त्याआधीचं नाही. पाचवा लघुग्रह ॲस्ट्रिया डिसेंबर १८४५ मध्ये सापडला, तो इथे नाही. नेपच्यून २३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिनमध्ये योहान गालने पाहिला, तोही नाही. शनीचा आठवा चंद्र हायपेरियन १८४८ चा. सगळे पुरावे एकाच दिशेने बोट दाखवत होते. मी तिथेच बसून पानाच्या मागे शिसपेन्सिलीने लिहिलं: १८०७–१८४५.

हा पहिला निर्णयाचा क्षण होता, आणि मी तो निर्णय आहे हे ओळखलंच नाही. बाईंनी तेच वाक्य फोनवर दिरांना सांगितलं, दिरांनी सजावटवाल्याला, आणि दोन दिवसांत त्याने एकट्या त्या पानाचे पंधरा हजार बोलले.

आठवड्याने पान मागच्या हार्डबोर्डपासून सुटं झालं. खिडकीशी धरलं तर उजव्या कडेला कागदाच्या पोटात जलचिन्ह दिसलं, म्हणजे कागद बनवतानाच गिरणीने उमटवलेली खूण. कागद गिरणीचं नाव नाही, फक्त आकडे: १, ८, ५, आणि मग कात्रीची कड. चौथा आकडा फ्रेमवाल्याबरोबर गेला.

म्हणजे कागद १८५० किंवा त्यानंतरचा. १८५० मध्ये नेपच्यून सापडून चार वर्षं झाली होती. मग हे पान चुकीचं होतं का? नाही. प्लेट जुनी होती. तांब्याची प्लेट काही शे-हजार प्रतींनंतर झिजते. १८२०च्या दशकापासून पोलादी प्लेटा आल्या आणि त्यांच्यावर त्याच्या कितीतरी पट प्रती निघू लागल्या. विश्वकोशाच्या प्रकाशकाला प्लेट कोरून घ्यायला भरपूर पैसे पडत. एक ग्रह वाढला म्हणून तो ती मोडीत काढत नसे. मजकूर बदलायचा, चित्र तेच ठेवायचं. आपल्याकडे शाळेच्या नकाशांत राज्यांच्या जुन्या सीमा किती वर्षं टिकतात ते पाहा.

रंगाचाही असाच घोळ निघाला. पानाला पुस्तकातली मधली घडी होती, आणि गुलाबी रंग त्या घडीच्या तुटक्या तंतूंत मुरून गडद झाला होता. घडी पडल्यावर, कागद तिथे खरबरीत झाल्यावर कुणीतरी रंग दिला, एवढं त्यावरून नक्की ठरतं. छापून आल्याबरोबर रंगवलेलं पान असं दिसत नाही.

एका पानावर अशा तीन निरनिराळ्या काळांच्या खुणा होत्या: आकाशाची, कागदाची आणि रंगाची. यातली एकच वाचून मी बाकीच्या दोन गृहीत धरल्या होत्या.

उरलेल्या आठांची ओळख

शिळाछापांची ओळख एका सुदैवाने पटली. पाचपैकी चार पानांची तळची पट्टी कापलेली होती. पाचव्याची, चंद्राच्या नकाशाची, फ्रेमवाल्याने कापण्याऐवजी मागे दुमडली होती. ती उलगडली तर डावीकडे बारीक जर्मन अक्षरांत 'मायर्स कॉन्व्हर्साझिओन्स-लेक्सिकॉन, पाचवी आवृत्ती', मध्ये लाइपझिगच्या प्रकाशनसंस्थेचं नाव आणि उजवीकडे हे चित्र कुठल्या लेखाचं ते. मायर्स हा जर्मन विश्वकोश, आणि त्याची पाचवी आवृत्ती १८९३ ते १८९७ मधली. बाकीची चार पानं त्या आवृत्तीच्या स्कॅनशी ताडून पाहिली, तंतोतंत जुळली.

ही बातमी बाईंना सांगताना जड गेलं. या आवृत्तीचे दोन लाखांच्या वर संच विकले गेले. जर्मनीत ही पानं जुन्या बाजारात आजही ढिगाने मिळतात. दिसायला देखणी, छपाई अव्वल, पण दुर्मिळ अजिबात नाहीत.

पोलादी तीन पानं योहान गेओर्ग हेकच्या चित्रसंग्रहातली निघाली. लाइपझिगच्या ब्रॉकहाउसने तो आपल्या कोशाला पूरक म्हणून १८४४ पासून ५०० पोलादी पानांत काढला. न्यूयॉर्कच्या रुडॉल्फ गॅरीगने तोच स्पेन्सर बेअर्ड यांच्या इंग्रजी भाषांतरासह १८५१-५२ मध्ये छापला. आकृत्यांखाली नुसते क्रमांक का, तेही इथे उलगडलं: स्पष्टीकरण वेगळ्या मजकुराच्या खंडात असे. खंड नसेल तर पान मुकं.

पर्याय

चौघे एका टेबलाभोवती बसलो. दीर व्हिडिओ कॉलवर.

विकून टाकणं सगळ्यांत सोपं होतं. सजावटवाल्याचा भाव माझ्या चुकीच्या तारखेवर चढलेला होता, त्यामुळे विकायचं तर आधी त्याला जलचिन्हाबद्दल सांगणं भाग होतं. बाईंच्या मुलाचं मत, "त्याला काय फरक पडतो, तो हॉटेलच्या भिंतीवर लावणार." बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, आणि त्या पानाचा भाव पंधरावरून चारवर आला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात त्यांचं हे सर्वांत चांगलं पाऊल.

दिरांच्या तीन चित्रांचा प्रश्न वेगळाच निघाला. "वहिनी, बॅगेत सपाट ठेवीन, कुणाला कळणार नाही," असं ते म्हणत होते. पण पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ खाली शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूला आणि शास्त्रीय किंवा ऐतिहासिक मोल असलेल्या पंच्याहत्तर वर्षांहून जुन्या दस्तऐवजाला पुरावशेष मानतात, आणि खाजगी व्यक्तीला तो देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू मुळात कुठे बनली, अशी अट त्या व्याख्येत नाही. जर्मनीत छापलेलं, जर्मनीतून आणलेलं पान परत बाहेर न्यायला अडचण यावी, हे दिरांना पटेना. एका विश्वकोशातलं सुटं पान या व्याख्येत बसतं की नाही यावर वाद घालता येईल, पण तो वाद विमानतळावर उभं राहून घालण्यात अर्थ नाही. रीतसर विचारणा करायची तर वेळ लागणार होता, दिरांचं परतीचं तिकीट अकरा दिवसांवर होतं.

तिसरा पर्याय, सगळं शाळेला. शाळेने प्रयोगशाळेतली भिंत द्यायची तयारी दाखवली. मी ती भिंत जाऊन पाहिली. पश्चिमेची खिडकी समोर, आणि पावसाळ्यात त्या भिंतीला ओल. तिथे ही पानं पाच वर्षंही टिकली नसती.

काय केलं

सर्वप्रथम सगळी पानं आहेत त्या अवस्थेत, डागांसकट, दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयने स्कॅन केली. मग कागद-संवर्धन करणाऱ्या एका बाईंकडे नेली. फ्रेमवाल्याच्या माउंटबोर्डमधल्या आम्लाने चित्राभोवती तपकिरी चौकट उमटली होती. ती जाणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. मागच्या चिकटपट्ट्या सोडवल्या, हार्डबोर्ड काढले, कसरीने खाल्लेल्या दोन जागा जपानी कागदाने आणि गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने जोडल्या.

तांबूस ठिपक्यांसाठी पानं धुवायची का, हा दुसरा मोठा निर्णय. बाईंचा कल धुण्याकडे होता, "स्वच्छ दिसतील तर मुलं बघतील." संवर्धक बाईंनी इंग्रजी पानाच्या कोपऱ्यात ओल्या कापसाचं टोक टेकवलं. कापूस गुलाबी झाला. प्रश्न संपला. जर्मन पानांवर तो धोका नव्हता, पण ठिपके वाढत नसतील तर हात लावू नये असं त्यांचं मत पडलं, आणि ते आम्ही मानलं. मूळ नऊ पानं आता आम्लमुक्त कागदात, पेटीत, कोरड्या कपाटात बाईंच्या नव्या घरी आहेत. शाळेत लावल्या त्या मूळ मापाच्या छापील प्रती. दिरांनाही त्यांच्या तीन चित्रांच्या तशाच प्रती दिल्या. ते त्यावर खूश नाहीत, आणि अजूनही दर फोनला विषय काढतात.

मूळ पानं वर्षातून एकदा, फेब्रुवारीत विज्ञान दिनाच्या आठवड्यात, सपाट काचेच्या पेटीत शाळेत मांडायची असं ठरलं. पोस्टरं मुलाच्या खोलीत गेली.

निष्पत्ती

पहिल्या मांडणीत सगळ्यांत जास्त गर्दी चंद्राच्या नकाशापाशी होती, कारण सातवीतल्या एका मुलाने जाहीर केलं होतं की चंद्र उलटा छापलाय. दक्षिणेकडचं टायको विवर वर. त्याचं म्हणणं बरोबर होतं. खगोल दुर्बिणीत प्रतिमा उलटी दिसते, म्हणून त्या काळचे चंद्राचे नकाशे दक्षिण वर धरून काढत. बाईंनी ते तोंडी सांगितलं नाही. शाळेची तीन इंची दुर्बीण संध्याकाळी गच्चीवर लावली आणि नकाशा शेजारी धरला. रांग साडेनऊपर्यंत हलली नाही.

एका पालकाने विचारलं, पुस्तकं फाडून पानं विकतात ते योग्य आहे का. ही पानं साठएक वर्षांपूर्वी हॅम्बुर्गमध्ये कुणीतरी अख्खे खंड मोडूनच विकली असणार. त्याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडे नव्हतं, आणि त्या पालकांनीही फार ताणलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

फ्रेमा उघडण्याआधी मागच्या बाजूचे फोटो काढायला हवे होते. पहिल्याच दिवशी आम्ही हार्डबोर्डमागचं जुनं वर्तमानपत्र आणि फ्रेमवाल्याची चिठ्ठी कचऱ्यात टाकली. फ्रेमा कुठल्या वर्षी झाल्या ते त्या वर्तमानपत्रावरून तारखेसकट कळलं असतं, आणि नऊ जुन्या आणि दोन पुन्हा उघडलेल्या फ्रेमांमधला फरक भिंग न लावताही दिसला असता.

तारीख मी टेबलावर बसून, पान बोर्डला चिकटलेलं असतानाच द्यायला नको होती. "आकाश १८०७ ते १८४५ मधलं, छपाई माहीत नाही" एवढंच बोललो असतो तर भाव चढून उतरण्याचा प्रकार टळला असता. आता मी मागे पेन्सिलीने लिहिण्याऐवजी वेगळ्या चिठ्ठीवर लिहितो, आणि चिठ्ठीवर स्वतःची तारीखही घालतो.

दिरांशी कायद्याचं आधी बोलायला हवं होतं. स्कॅन झाल्यावर ते सांगितल्यामुळे, आम्ही त्यांचा वाटा नाकारायला निमित्त शोधलं असं त्यांना वाटलं. तसं नव्हतं, पण क्रम पाहिला तर त्यांना दोष देता येत नाही.

आणि तुमच्याकडे असं काही असेल तर फ्रेमवाल्याकडे जाताना एकच सांगा: कागद कापायचा नाही, बसत नसेल तर फ्रेम मोठी कर. आमच्या पाच जर्मन पानांपैकी चारांची ओळख कापली गेली होती, आणि पाचव्याची वाचली ती त्या दिवशी त्याने दुमडून काम भागवलं म्हणून.

इंग्रजी पान कुठल्या विश्वकोशातलं, ते अजून सापडलेलं नाही. त्याच्या पेटीवर सध्या बाईंच्या अक्षरात ही चिठ्ठी आहे:

सूर्यमाला. लंडन. चित्रातलं आकाश १८०७ ते १८४५. कागद १८५० नंतरचा. रंग हाताने, त्याहून पुढचा. हर्षलला सहा चंद्र दाखवले आहेत. त्यांतले दोन खरे. उरलेले चार विल्यम हर्शेलनंतर कुणालाच दिसलेले नाहीत.